गोष्ट बाहेर, चित्र आत

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय भारी छापलाय, 'प्रवाशांच्या मनाला भिडणारी सहल कशी आखावी'. मी अजिंठ्याचा गाईड आहे, तेव्हा अजिंठ्यापुरतंच बोलतो. तुमच्यातले कुणी रायगडावर गट नेणार, कुणी जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये; तिथं यातलं काय लागू पडतं ते तुम्ही बघा.

सुरुवातीची काही वर्षं मी १ नंबरच्या लेण्यापासून सुरू करायचो. का, तर त्याचा नंबर १ आहे म्हणून! खरं तर हे नंबर काळाप्रमाणे दिलेलेच नाहीत. वाघूर नदीच्या नालासारख्या वळणावर एका टोकाकडून मोजत गेले, झालं. सगळ्यात जुनी लेणी, ९ आणि १०, मध्येच येतात. पण मी आपला पहिल्याच लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, सातवाहन आणि वाकाटक घराणी, हरिषेण राजा, भिंतीचा गिलावा, सगळं ओतून मोकळा. एकदा निवृत्त मंडळींचा गट होता. २६ नंबरला पोहोचेपर्यंत निम्मे लोक बाहेर पायरीवर टेकलेले. एक आजी म्हणाल्या, "बाळा, आत देवच आहे ना? मग इथूनच हात जोडते." आत सुमारे ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती, उशीवर डोकं टेकून पहुडलेले बुद्ध, खाली रडणारे शिष्य. आणि आजींनी बाहेरूनच नमस्कार केला. त्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्यांना बोल लावत घरी गेलो. पुढं लक्षात आलं की गुडघे सकाळीही तेवढेच दुखत होते. कान मात्र मी दमवले होते.

आता मी चढ चढून गेल्यावर १ नंबर सोडून देतो आणि थेट १० नंबर गाठतो. १ आणि २ परतीच्या वाटेवर, दाराशीच तर आहेत. तोवर सकाळच्या बसगाड्यांची गर्दीही पांगलेली असते.

१० नंबरला मी दोन नावं दाखवतो. दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलीय: वासिठीपुत्र कटहादी याने 'घरमुख' दान दिलं. मी तो शब्द दोनदा म्हणतो. घरमुख. घराचं तोंड, लेण्याचा दर्शनी भाग. भाषा प्राकृत, वय दोन हजार वर्षांहून जास्त, आणि त्यातलं 'घर' आपण आजही तसंच म्हणतो. शिवाय माणूस आपली ओळख आईच्या नावानं सांगतोय. इथं मराठी गटात हमखास कुणीतरी तो शब्द स्वतःशी पुटपुटतं. मग आत खांबावर दुसरं नाव: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी, बोधिसत्त्वाच्या चित्रावर नाव खरवडून गेला. मी फक्त एवढंच सांगतो, "हात लावू नका, पण वर करून बघा, पुरतोय का." पुरत नाही. मग स्मिथ ताडमाड होता का? लोक तर्क करतात. तेव्हा लेण्यात मातीचा आणि दगडांचा ढीग साचला होता, तो त्यावर उभा होता. हे कोडं त्यांनी सोडवलं की लेणं किती शतकं बुजत गेलं होतं, त्यावर मला वेगळं भाषण करावं लागत नाही.

चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, आणि पहारेकरी लगेच "चला, पुढे चला" सुरू करतो. दिवे मंद, उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. गाईडची सवय अशी की नेमक्या याच दोन-तीन मिनिटांत तोंड सुरू. माझा नियम: गोष्ट बाहेर, चित्र आत. १६ नंबरच्या आधी सावलीत थांबवून नंदाची गोष्ट सांगतो. बुद्धांचा सावत्रभाऊ, नवं लग्न, मनाविरुद्ध भिक्षू झालेला. आणि त्याचा मुकुट घरी परत येतो तेव्हा त्याच्या बायकोची, सुंदरीची, काय अवस्था होते ती. आत गेल्यावर गप्प. डोळे सरावतात, अंधारातून आधी मान कललेली ती बाई उमटते, मग मुकुट धरलेला माणूस. कुणीतरी कुजबुजतं, "तो बघ, मुकुट." तो शोध त्यांचा असतो. या चित्राला सर्रास 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. नाव झकास आहे, गटाला आवडतं. मी वापरत नाही. ती मरत नाहीये, तिला जगावं लागणार आहे, नवऱ्याशिवाय. खरी गोष्ट जास्त जड असताना खोटी कशाला सांगायची?

आणि कृपा करून रडवायला जाऊ नका. आवाज कापरा करणारे गाईड मी पाहिलेत, लोक मोबाइल काढतात.

एक सांगून थांबतो. १७ नंबरला, गाभाऱ्याच्या अलीकडे, बुद्धांची पत्नी यशोधरा मुलाला, राहुलला, पुढं करतेय असं चित्र आहे. बुद्ध उंच, भव्य. मायलेक त्यांच्यापुढं एवढेसे. आखातात नोकरी करणारे एक गृहस्थ सुट्टीवर आले होते, बायको आणि ६-७ वर्षांच्या मुलाला घेऊन. बाहेर मी एवढंच सांगितलं होतं की बाबा खूप वर्षांनी गावी आलेत आणि आई म्हणतेय, जा, तुझा वाटा माग. आत मुलगा बराच वेळ मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "पण बाबांकडे तर नुसता वाडगाच आहे."

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. राहुलला दीक्षा मिळाली, तोच त्याचा वाटा, वगैरे. त्या गृहस्थांनी मुलाला उचलून कडेवर घेतलं, वयानं तो तेवढा लहान नव्हता तरी. पहारेकऱ्यानं हात केला, आणि आम्ही सगळे उन्हात आलो.