आधी रबर

(ठाण्यातल्या एका गृहसंकुलाच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, वर येण्याआधी मी तुमच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारली. वाईट सवय आहे, घरचे वैतागतात. पंधरा वर्षांपलीकडच्या सात-आठ गाड्या दिसल्या. एक झेन, दोन आल्टो, एक सँट्रो, एक वॅगनआर. सगळ्या लख्ख पुसलेल्या. एकीच्या डॅशबोर्डावर गणपती आणि पुढ्यात ताजं जास्वंद. आणि त्याच गाडीच्या मागच्या डाव्या टायरवर, लंबगोल चौकटीत, आकडा होता 3114. याचा अर्थ 2014 सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जास्वंद रोज बदलतं, टायर तोच.

गाडी कोणाची ते आत्ता विचारत नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. माझी गाडी म्हणजे 2007 ची आल्टो, एमएच-04, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घेतलेली. तिचं हँडलिंग सुधारायला मी तिच्यावर जे प्रयोग केले, त्यातले निम्मे फसले. आज बहुतेक फसलेल्यांवरच बोलणार आहे, कारण त्यांचे पैसे मी भरलेत.

लोक हँडलिंग हँडलिंग म्हणतात. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की गाडी तुमचं किती ऐकते आणि किती लवकर ऐकते. स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं की नाक लगेच वळतं, की आधी विचार करतं? ब्रेक मारला तर सरळ थांबते, की डावीकडे ओढते? खड्ड्यातून निघाल्यावर एकदा हलून शांत होते, की पुढचे तीन विजेचे खांब जाईपर्यंत डोलते? आपली जुनी गाडी यात नापास होते तेव्हा आपण म्हणतो, छोटी गाडी आहे, चालायचंच. पण नवी असताना ती अशी नव्हती. साधारण सातशे किलोची गाडी, 2360 मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर), चार कोपऱ्यांत चार चाकं. अशी गाडी मुळात चपळच असते. 1959 साली इंग्लंडमध्ये मिनी आली ती याच जोरावर. दहा इंची चाकं, इंजिन यथातथाच, आणि 1964 ला माँटे कार्लोची रॅली तिने मोठमोठ्या गाड्यांच्या नाकावर टिच्चून जिंकली.

मग आपल्या गाडीचं गेलं कुठे? लोखंड बहुतेक जागेवर असतं. गेलेलं असतं रबर. टायर रबराचे, लोअर आर्मचे बुश (जोडातल्या गाद्या) रबराचे, स्टॅबिलायझर बारचे, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांडीचे बुश, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग, इंजिनाचं माउंटिंग, सगळं रबर. उन्हाने, हवेतल्या ओझोनने, गळक्या ऑइलने ते कडक होतं, चिरतं, नाहीतर फुगतं. गाडी उभी असली तरी होतं. म्हणून ‘माझी गाडी फक्त तीस हजार किलोमीटर चाललीय’ याला या बाबतीत फारसा अर्थ नाही.

टायरपासून सुरू करू. एक टायर रस्त्याला जेवढा टेकतो ती जागा तुमच्या तळहाताएवढी. चार तळहातांवर अख्खं कुटुंब पनवेलला जातं. त्या तळहाताची पकड म्हणजे एक भाकरी समजा. त्याच भाकरीतून ब्रेकलाही द्यायचं आणि वळणालाही. पण वाटणी सरळ वजाबाकीची नाही, काटकोन त्रिकोणाची आहे, शाळेतला पायथागोरस. पकडीतला 30 टक्के भाग ब्रेकने घेतला तरी वळणासाठी 95 टक्के उरतो. 70 टक्के घेतला तर मात्र 71 च. म्हणून वळणात ब्रेकवर पाय हलका राहिला तर काही बिघडत नाही, आणि जोरात दाबला की गाडी एकदम परकी वाटायला लागते. टायर जुना झाला की भाकरीच लहान होते. कायद्याने नक्षी किमान 1.6 मिलिमीटर हवी, पण नक्षी खोल असूनही टायर लाकडासारखा झालेला असू शकतो. पावसाळ्यात घोडबंदर रोडला पेव्हर ब्लॉकवर तो आपलं वय सांगतो.

आता माझी फजिती. 2013 चा जून. पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. दुकानदार म्हणाला, काका, इंजिन पुढे, ओढणं पुढे, वळणं पुढे, नवे दोन पुढेच टाका. पटण्यासारखं होतं, टाकले. मागे जुनेच राहिले. पहिल्या पावसात गायमुखच्या उतारावर, वेग चाळीसच्या आसपास, वळणात मी ब्रेकला नुसता पाय लावला. पुढचं नाक जागेवर, आणि शेपूट निघालं फिरायला. गाडी आडवी झाली, माझी खिडकी समोरच्या कंटेनरकडे. कंटेनरवाला सावध होता म्हणून आज व्याख्यान आहे.

झालं असं. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जायला बघते. ते हाताला कळतं, आणि आपण घाबरून पाय उचलतो, तेच बहुतेक वेळा बरोबर ठरतं. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि आपल्यासारख्याला कळेपर्यंत फिरून झालेली असते. म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाकायचे आणि मागचे बरे असलेले पुढे आणायचे. टायर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात. दुकानात सांगून बघा, वाद होईल. घाला. चाकं वेळच्या वेळी अदलाबदल करून चारही एकदम बदलता आले तर वादच नको.

रुंद टायरचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या गाडीचा मूळ साइज 145/80 आर 12, म्हणजे रुंदी 145 मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ऐंशी टक्के, रिम बारा इंची. बाहेरचा व्यास काढा: बारा इंच म्हणजे 304.8 मिलिमीटर, अधिक 145 च्या ऐंशी टक्क्यांची दुप्पट, 232. एकूण 537. तेरा इंची रिमवर 155/65 घातला तर 532 येतो. फरक एका टक्क्याचा, मीटर जवळपास खरा दाखवेल, कडा ठेंगणी झाल्याने वळणात टायर कमी मुडपेल. गणित छान जमतं. पण चार रिम आणि चार टायरच्या पैशांत खालचं सगळं रबर नवं होतं, आणि खड्ड्यात ठेंगण्या टायरचं रिम आधी वाकतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला मनाई. पुढच्या पासिंगला कोण काय आक्षेप काढेल, सांगता येत नाही. मी मूळ साइजवरच राहिलो, फक्त चांगल्यातले घेतले. हवा दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी, टायर थंड असताना. पंपावरच्या मुलाला ‘किती?’ विचारू देऊ नका, तुम्ही सांगा.

आता बुश. हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा घड्याळाकडे बघू नका.

चाकाला धरून ठेवणारा जो लोअर आर्म, तो चॅसीला रबरी बुशमधून जोडलेला असतो. बुश सैल झाला की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं, सोडल्यावर पुढे. म्हणजे तुम्ही स्टिअरिंग धरलंय सरळ आणि चाक आपल्या मनाने वळतंय. लोक अलाइनमेंटवाल्याकडे जातात. तो बिचारा उभ्या गाडीचं टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, बसवून देतो, रीडिंग हिरवं, पैसे दिले, आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला ब्रेक मारला की गाडी पुन्हा डावीकडे. त्याची चूक नाही. सैल दाराला कडी नीट बसवून काय होणार?

तपासायला जॅक पुरतो, पण गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली डोकं घालू नका, स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवा: खेळ लागला तर स्टिअरिंगचे जोड, टायरॉड एंड किंवा रॅक. मग टॉर्च घेऊन बुश बघा. रबर चिरलेलं दिसेल.

बुश बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला हात जोडून सांगा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत तो बुशचा बोल्ट फुल्ल आवळतो. इथेच नव्या बुशचा जीव जातो. या बुशमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. आर्म खाली असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, जणू ओल्या फडक्याला पीळ देऊन दोरीवर टाकलं. मग काही महिन्यांत चिरतं आणि आपण म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची, आणि शेवटचं आवळणं त्या अवस्थेत. पाच मिनिटं जास्त लागतात. हे मला कळलं तेव्हा माझा दुसरा सेट गेलेला होता.

शॉकअप. आपण त्याला धक्का गिळणारा समजतो. धक्का गिळते स्प्रिंग. शॉकअप त्या स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. तो गेला की चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी टप्पे घेतं, आणि हवेतल्या चाकाला कसली पकड? बॉनेट दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात. पूर्ण गेलेला त्यात सापडतो, अर्धा गेलेला नाही. अंगावर तेलाचा ओघळ, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज, ही खरी खूण. बदलताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला, आणि पुढच्यांसोबत वरचं माउंटिंगही. ते जुनंच ठेवून शंभर-दोनशे वाचवायचे आणि पुन्हा सगळं उघडायचं, यात वाचलं काही नाही.

आणि स्प्रिंग कापू नका. वीस-पंचवीस वर्षांची मुलं माझ्याकडे येतात, काका, दोन वेटोळी उडवली की गाडी खाली बसते, वळणात रेसकार. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते हे खरं. पण बाकीचं कोणी सांगत नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला खांब. वळणात गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. तुम्ही बॉडी चाळीस मिलिमीटर खाली आणली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, आणि या मांडणीत तो बिंदू चाळीसपेक्षा बराच जास्त खाली घसरतो. गाडीचं वजन आणि तो बिंदू यांतलं अंतर वाढतं, म्हणजे पाना लांब झाला. लांब पान्याने बोल्ट सहज फिरतो, तशी बॉडीही सहज कलायला बघते. कडक स्प्रिंगने मिळवलेलं बरंचसं तिथेच परत जातं. वर घोडबंदरचे खड्डे, चाकाला वर जायला जागाच नाही, स्ट्रट तळाला आपटतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी तुकडेही मिळतात. मागे रोज माणसं आणि सामान भरणाऱ्याने उंची टिकवायला घालावेत. हँडलिंगसाठी नाही.

जाड स्टॅबिलायझर बार? त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. 18 चा 20 मिलिमीटर केला तर दीडपट. पण फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढेच जाड बार घातला तर वळणात नाक आणखी सरळ जायला बघतं. आहे त्या बारचे बुश बदला, दोनशे-तीनशेची गोष्ट. बॉनेटखाली दोन्ही स्ट्रटची डोकी जोडणारा चकचकीत स्ट्रट बार मीही लावला होता. फोटो छान आले.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, सगळं रबर नवं झाल्यावर. आधी केली तर पुन्हा करावी लागते.

माझा एकूण खर्च विचारलात. चार टायर साधारण 11,000, चार शॉकअप 6,000, लोअर आर्म, बुश, टायरॉड एंड मिळून साडेतीन हजार, मजुरी 3,000, अलाइनमेंट-बॅलन्सिंग 800. पंचवीस हजारांच्या आत. दोन वर्षांत, तुकड्यातुकड्याने. टायर आणि हवा केल्यावरच निम्मा फरक कळला. नंतर पाम बीच रोडला मुलाने चालवली आणि म्हणाला, बाबा, स्टिअरिंग बदललंत का? स्टिअरिंगला हात लावला नव्हता. एक फुकटचं काम राहिलं: डिकी रिकामी करा. माझ्या डिकीतून फरशीचे उरलेले तुकडे निघाले, अठरा किलो. स्टेपनी मात्र राहू द्या, आणि तिचंही साल बघा.

मागून कोणीतरी विचारतंय, ब्रेक ऑइल. हो, ते हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदला. खंडाळ्याच्या उतारावर पेडल मऊ झालं की आठवतं, तेव्हा उपयोग नसतो.

बरं, गणपतीवाल्या गाडीचे मालक कोण? तुम्ही का ताई? जॅक आणि स्टँड मी आणलेत, टॉर्च इथल्या कपाटात आहे म्हणतात. चहा होईपर्यंत खाली जाऊन येऊ.