हात हवा, आवाज नको: थेरमिन आणि मिडी

(दृश्य: टेबलावर थेरमिन. उजवीकडे उभी दांडी, डावीकडे आडवी कडी. वादकाचे दोन हात हवेत.)

ही उभी दांडी स्वराची. ही आडवी कडी आवाजाच्या चढउताराची. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीवर खाली आणला की आवाज बारीक होत बंद पडतो, वर उचलला की मोठा होतो. हात कशालाही लागत नाही. थेरमिन वाजवायचं म्हणजे एवढंच, आणि एवढंच करताना भल्याभल्यांची भंबेरी उडते, कारण हवेत ना पट्टी असते, ना पडदा.

आता जरा कान देऊन ऐका. हात थेरमिनवर आहेत, पण वाजतोय तो खोलीच्या दुसऱ्या टोकाचा सिंथेसायझर, विजेने आवाज घडवणारं वाद्य. थेरमिनचा स्वतःचा आवाज बंद करून ठेवलाय. त्याच्या मागून निघालेली वायर लॅपटॉपकडे जाते, तिथून पुढे सिंथेसायझरकडे. या वायरमधून आवाज जात नाही. जातात नुसते आकडे: हात या क्षणी कुठे आहे, एवढं सांगणारे. वाद्यं आणि कॉम्प्युटर असे आकडे ज्या भाषेत एकमेकांना सांगतात, तो मिडी.

(दृश्य: पेट्रोग्राडची जुनी छायाचित्रं. टर्मेन वाद्यासमोर उभा.)

वाद्य शंभर वर्षांहून जुनं आहे. 1920 च्या सुमाराला पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, भौतिकशास्त्रज्ञ आयोफे यांच्या संस्थेत, लेव टर्मेन नावाचा तरुण वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण बनवत होता. हात जवळ आला की उपकरणाचा सूर बदलतो, हे त्याच्या लक्षात आलं. टर्मेन चेलो वाजवायचा. त्यामुळे इतर कुणाला जो अडथळा वाटला असता, त्यात त्याला वाद्य दिसलं. 1922 मध्ये त्याने ते लेनिनला वाजवून दाखवलं. पुढे तो अमेरिकेत गेला, 1928 मध्ये तिथे पेटंट मिळालं आणि आरसीए कंपनीने सुमारे पाचशे थेरमिन बाजारात आणले. विक्री यथातथाच झाली. घेणाऱ्याला वाटायचं हात हलवला की गाणं येईल. यायची ती मांजराची रड.

आतली करामत साधी आहे. दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेचे कंप निर्माण करणारे भाग, असतात, दोन्ही कानाच्या आवाक्याबाहेरचे. समजा एक सेकंदाला 3,00,000 वेळा कंप पावतो, दुसरा 2,99,560 वेळा. दोन्ही एकत्र केले की त्यांच्यातला फरक उरतो, 440, आणि तो आपल्याला ऐकू येतो. आपलं शरीर वीज साठवू शकतं, म्हणून हात दांडीजवळ आला की दुसऱ्या ऑसिलेटरची गती किंचित उतरते, फरक वाढतो, सूर चढतो. हा बदल पिकोफॅरड या वीज साठवण्याच्या अगदी छोट्या मापात मोजावा लागतो, इतका बारीक. मूठ उघडून बोटं पसरली तरी स्वर हलतो. क्लारा रॉकमोर यांनी यातूनच हवेतल्या बोटांची पद्धत बसवली: मनगट जागेवर, आणि बोटं एकेक करून उलगडत स्वर घ्यायचे. मुळात त्या व्हायोलिनवादक होत्या, ते त्यांच्या वादनात ऐकू येतं.

पण बाकीच्या जगाला रॉकमोर यांचे कष्ट नको होते, हवा होता तो फक्त भुताटकीचा आवाज. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला पॉल टॅनर या ट्रॉम्बोनवादकाने त्यावर तोडगा काढला. त्याच्या इलेक्ट्रो-थेरमिनमध्ये आवाज तसाच, पण सूर सरकपट्टीने ठरायचा आणि स्वरांच्या जागा खुणा करून ठेवलेल्या. बीच बॉईज या बँडच्या 1966 च्या ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये लोक ज्याला थेरमिन समजतात, ते हेच वाद्य. हात नको, आवाज हवा.

थेरमिन दुसऱ्या वाद्याला जोडणारी, आपण बघतोय ती माणसं याच्या बरोबर उलट्या दिशेने निघालेली आहेत. त्यांना आवाजाचं काही पडलेलं नाही. त्यांना तो हात हवा आहे.

(दृश्य: काळा रंगमंच, त्यावर उभे बारीक खांब. नर्तकांच्या सावल्या.)

आणि हे खूळ कॉम्प्युटरच्या काळातलं नाही. 1965, न्यूयॉर्क, लिंकन सेंटर. संगीतकार जॉन केज आणि नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांचा ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ हा प्रयोग. रंगमंचावर बारा खांब, प्रत्येक पाच फूट उंच. नर्तक एखाद्या खांबापासून चार फुटांच्या आत आला की त्याची चाहूल लागायची आणि मागे चाललेल्या टेपरेकॉर्डर, शॉर्टवेव्ह रेडिओ अशा यंत्रांच्या आवाजावर त्याचा परिणाम व्हायचा. म्हणजे हे थेरमिनच्या दांडीसारखेच अँटेना, पण स्वतः न गाता दुसऱ्याला गायला लावणारे. ते बनवून दिले होते रॉबर्ट मोग यांनी.

हे तेच मोग, ज्यांच्या नावाने पुढे सिंथेसायझर ओळखला जाऊ लागला. पण त्यांची सुरुवात थेरमिनपासून झाली. शाळकरी वयात त्यांनी थेरमिन बांधला आणि एकोणिसाव्या वर्षी, 1954 मध्ये, तो कसा बांधायचा यावर मासिकात लेख लिहिला. त्यांच्या सिंथेसायझरमध्ये सगळा कारभार विजेच्या दाबावर चालायचा. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर. एक भाग दुसऱ्या भागाला दाबाने सांगतो आणि तो ऐकतो. दाब कुठून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही; पट्टीने दिला काय आणि हवेतल्या हाताने दिला काय. पुढे त्यांच्या कंपनीने ईथरवेव्ह प्लस हा थेरमिन काढला, त्याला असे दाब बाहेर देणारी भोकं होती. तिथून निघालेली वायर फिल्टरच्या, म्हणजे आवाजातले वरचे सूर कापणाऱ्या, पेडलमध्ये घातली की गिटारचा आवाज हाताने उघडता आणि मिटता यायचा. हाताची घसरण जशीच्या तशी पलीकडे पोचायची, मध्ये कुठे तुटायची नाही.

मग आला मिडी.

(दृश्य: पाच पिनांची मिडी वायर, जवळून.)

1983. जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-600 आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंडचा ज्युपिटर-6 ही दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एका वायरने जोडून दाखवली. एकावर वाजवा, दुसरं बोलेल. संगीताच्या धंद्यात एवढी एकी क्वचितच दिसते, आणि ती अजून टिकली आहे.

पण मिडी बनवला तो पट्टीवाल्यांनी, पट्टीवाल्यांसाठी. त्याला मुख्यतः कळतं ते हे: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. मिडीची वृत्ती पेटीची आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये त्याच्या लेखी स्वर नाही. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही, म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेर काढली आणि पुढची तीस वर्षं आत घेतली नाही. त्या निर्णयाबद्दल काय बोलायचं ते पेटीवाले बोलतीलच. पण तेव्हाची तक्रार काय होती ते समजायचं असेल, तर थेरमिनमधून मिडीचे स्वर काढून बघा.

(दृश्य: वादक सा वरून पंचमापर्यंत हात सावकाश नेते. स्क्रीनवर ठोकळे उमटतात.)

ऐकलंत? हात सलग गेला. सिंथेसायझरने मात्र मधल्या प्रत्येक अर्ध्या स्वराला नवी पट्टी दाबली गेली असं धरलं आणि दरवेळी आवाज नव्याने सुरू केला. मींड मागितली, मिळाला जिना.

यावरचा उपाय म्हणजे पिच बेंड. डावा हात उचलला की एकच स्वर सुरू करायचा आणि तो सोडायचाच नाही. पुढचा सगळा प्रवास त्या एका स्वराला वर-खाली वाकवून करायचा. मिडीत बाकीचे बहुतेक आकडे 0 ते 127 असतात, पण पिच बेंडला 16,384 पायऱ्या मिळतात. वाकवण्याची मर्यादा सहसा दोन्ही बाजूंना दोन अर्धे स्वर इतकीच ठेवलेली असते. ती चोवीसवर न्यायची. मग चार सप्तकांत एकेका अर्ध्या स्वराला 341 पायऱ्या येतात आणि कानाला जिना जाणवत नाही. एक मात्र बघायचं: पाठवणाऱ्याकडे चोवीस आणि घेणाऱ्याकडे दोन असेल, तर पूर्ण सप्तकाची तान एका स्वराच्या आत आक्रसून जाते. नवशिक्याची पहिली संध्याकाळ बहुधा यातच जाते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि माहितीपत्रकात ती कुणी छापत नाही. उशीर. पट्टी दाबल्यावर आवाज थोडा उशिरा आला तर पियानोवाला कुरकुरतो, पण त्याचा स्वर चुकत नाही. पट्टी जागची हलत नाही. थेरमिनवादक स्वर ऐकतो आणि त्याच क्षणी बोट केसभर हलवून तो दुरुस्त करतो. त्याचा कान हाच त्याचा पडदा. आवाज उशिरा पोचला की तो मागच्या क्षणाची चूक आत्ता दुरुस्त करत बसतो आणि सूर दोन्ही बाजूंना हेलकावे खातो. थेरमिनचा आवाज मायक्रोफोनसारखा ऐकून त्यातून मिडी काढणाऱ्या जोडण्या इथे मार खातात. सूर ओळखायला निदान एक पूर्ण कंप ऐकावा लागतो, आणि 55 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 55 कंपांच्या, खर्जात एका कंपाला 18 मिलिसेकंद जातात. त्यापेक्षा अँटेनाचा ऑसिलेटर थेट मोजणारी वाद्यं बरी.

अशी वाद्यं आता आहेत. मोग यांनी 1998 मध्ये ईथरव्हॉक्स हा मिडीवाला थेरमिन आणला. त्यांच्या पश्चात कंपनीने 2014 मध्ये थेरमिनी काढला आणि 2020 मध्ये, वाद्याच्या शंभरीला, क्लारा रॉकमोर यांच्या नावाचा क्लाराव्हॉक्स. हाताने जुळवायची हौस असेल, तर स्वित्झर्लंडमधून आलेला ओपन.थेरमिन आहे. तो आर्डुइनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर बसतो आणि त्याची सगळी आखणी खुली आहे.

थेरमिनीवर एक चक्री आहे, सूर सुधारण्याची. शून्यावर ठेवली तर हात जाईल तिथे सूर जातो. पूर्ण फिरवली की हात कुठेही असला तरी सूर ठरवलेल्या स्वरमालेतच बसतो. मला विचाराल तर चक्री अर्ध्याच्या पुढे नेली की थेरमिन घेण्यात काही अर्थ उरत नाही, कीबोर्ड स्वस्त पडतो.

(दृश्य: सिंथेसायझरच्या फिल्टरची चक्री, जवळून. वादकाचा डावा हात कडीवर.)

तर मग या हातांना कामाला कुठे लावायचं? स्वर सोडून बाकी सगळीकडे.

हे बघा. सिंथेसायझरवर एकच लांब स्वर धरून ठेवलाय. डावा हात फिल्टरला जोडलाय. तळवा कडीवर टेकेल इतका खाली आहे आणि आवाज बंद दाराआडून आल्यासारखा येतोय. आता हात उचलला जातोय... आधी मनगट, मग बोटं. वरचे सूर एकेक करून उघडतायत. नुसती करंगळी हलली तरी कडेला चमक येते. चक्री फिरवून हे होतं, पण असं होत नाही. चक्रीला बोटं नसतात.

इथे 127 पायऱ्या पुरतात का? फिल्टरला बहुतेक वेळा पुरतात, सिंथेसायझर मधली जागा स्वतः भरून काढत असेल तर. नसेल तर खर्रर्र असा दात घासल्यासारखा आवाज येतो. सुरालाच ते लावलं तर कसं होईल? पाच सप्तकं 127 पायऱ्यांत वाटली की एक पायरी जवळपास पाव स्वराची होते. म्हणून सूर पिच बेंडवर आणि बाकीची कामं साध्या कंट्रोलरवर, म्हणजे मिडीच्या 0 ते 127 च्या आकड्यांवर, ही वाटणी बरी.

उजवी दांडी डिलेला, म्हणजे आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राला, जोडली की गंमत वाढते. डिलेचा फीडबॅक हातात आला म्हणजे प्रतिध्वनी किती वेळ फिरत राहायचा ते तुम्ही ठरवता. हात जवळ नेला की आवाजावर आवाज चढत जातात, फुटायच्या बेताला येतात, आणि हात झटकन मागे घेतला की सगळं ओसरतं. डिलेची वेळ हाताशी बांधली तर घुमणारे आवाज सुरातच वर-खाली ताणले जातात. रिव्हर्बचं, म्हणजे खोलीतल्या घुमण्याचं, मिश्रण जोडलं तर गाणारी व्यक्ती माइकसमोरून न हलता खोलीभर मागे जाते. प्रेक्षकाला हे सगळं दिसतं. लॅपटॉपमागे मान घालून बसलेल्या कलाकाराबद्दल जी नेहमीची तक्रार असते, ती इथे उरत नाही.

दोन गोष्टी आधी जुळवून घ्याव्या लागतात. कडी जन्मतः उलटी आहे: हात जवळ तर आवाज कमी. फिल्टरला बहुतेकांना जवळ म्हणजे जास्त असं हवं असतं, तर सॉफ्टवेअरमध्ये रेषा उलटवायची. आणि अँटेनाचे आकडे सरळ रेषेत बदलत नाहीत. हात लांब असताना आकडे हळू हलतात, अगदी जवळ आल्यावर धावतात. वक्ररेषा बसवली नाही, तर सगळा परिणाम शेवटच्या दोन इंचांत कोंबला जातो.

(दृश्य: टेबलामागचा वायरींचा गुंता. दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर.)

आणि अर्थिंग. थेरमिनला जमीन लागते. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर लॅपटॉप, त्यावर यूएसबीने थेरमिन, अशी जोडणी केली की आकडे आपोआप थरथरतात. अर्थिंग असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला एक वायर नेली की बरेचदा शांत होतात. शेजारून कुणी चहा घेऊन गेलं तरी फिल्टर हलतो, त्याला इलाज नाही; चहा नंतर आणायला सांगा.

सुरुवात करणाऱ्याने दोन्ही हात एकदम हवेत नेऊ नयेत. उजवा हात कीबोर्डवर ठेवा, सवयीच्या जागी. डाव्या हाताला फक्त कडी द्या आणि ती फिल्टरला जोडा. पेटी वाजवणाऱ्यांना हे लवकर जमतं, कारण त्यांचा डावा हात भात्यावर आयुष्यभर हेच करत आलेला असतो: उजव्याने स्वर, डाव्याने श्वास. कीबोर्डचा पत्रा कडीपासून हातभर लांब असू द्या, आणि थेरमिन जुळवताना कीबोर्ड चालू करून, स्वतः खुर्चीत बसून जुळवा. उभ्याने जुळवलेलं बसल्यावर बदलतं.