दुसऱ्याच्या हाकेला ओ

(दृश्य: तपासणीची खोली. आयसीडी तपासायच्या संगणकाच्या, म्हणजे प्रोग्रामरच्या, पडद्यावर सरकत जाणारा आलेख.)

"खोल श्वास घ्या. रोखून धरा. आता शौचाला लावतो तसा पोटातून जोर लावा."

आलेखावर दोन उंच टोकं दिसतायत, हे दोन खरे ठोके. मधली रेघ एरवी सपाट असते. जोर लावताच तिच्यावर बारीक, दाट खरखर उमटते. खालच्या पट्टीत छातीत बसवलेलं यंत्र त्याला जाणवलेल्या प्रत्येक ठोक्याची खूण करत असतं. खऱ्या ठोक्यांखाली खुणा आहेतच, पण खरखरीखालीही खुणांची गर्दी झालीय. यंत्राच्या लेखी हे हृदय आत्ता भलत्याच वेगानं धावतंय. माणूस मात्र श्वास रोखून छताकडे बघत पडलाय.

ती खरखर हृदयाची नाही, श्वासपटलाची आहे.

(दृश्य: हातात धरलेला आयसीडी, त्याची लीड, म्हणजे तार.)

छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरला, म्हणजे ठोका जीवघेणा बिघडला की शॉक देऊन तो सावरणाऱ्या यंत्राला, डॉक्टर आणि पेशंट दोघंही आयसीडीच म्हणतात. १९६६ मध्ये आपल्या वरिष्ठ डॉक्टरांचा हृदयाच्या ठोक्यांतल्या बिघाडानं मृत्यू झाल्यावर मिशेल मिरोव्स्की या यंत्राच्या मागे लागले. माणसाच्या शरीरात ते पहिल्यांदा बसलं ४ फेब्रुवारी १९८० रोजी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. तेव्हा त्यासाठी छाती उघडावी लागे. आता गळपट्टीच्या हाडाखाली डबी बसते आणि शिरेतून एक लीड हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात उतरते.

हे यंत्र सतत ऐकत असतं, आणि खरी अडचण त्या ऐकण्यातच आहे. नेहमीचा ठोका लीडच्या टोकाशी ५ मिलिव्होल्ट किंवा त्याहून बराच मोठा असतो. तेवढाच ऐकायचा असता तर काम सोपं होतं. पण ज्या संकटासाठी यंत्र बसवलंय, त्या व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदय नुसतं थरथरतं. त्याचे संकेत क्षीण होतात, क्षणाक्षणाला बदलतात. ते निसटू नयेत म्हणून यंत्राची संवेदनशीलता ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास ठेवतात. इतक्या तिखट कानाला शेजारचा स्नायूही ऐकू येणारच.

(दृश्य: चित्राकृती. उजवा खालचा कप्पा, त्याच्या तळाशी लीडचं टोक, लगेच खाली श्वासपटल.)

त्यात जागाही अडचणीची. लीडचं टोक बहुतेक वेळा कप्प्याच्या तळाशी असतं आणि श्वासपटल त्याला जवळजवळ खेटूनच. काही लीड टोक आणि शॉक देणारी लांब कॉइल यांच्यामधला संकेत वाचतात, त्यामुळे त्यांच्या कक्षेत जास्त परिसर येतो. टोक आणि जवळची छोटी रिंग यांच्यातच ऐकणाऱ्या लीडना हा त्रास कमी होतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक ठोक्यानंतर यंत्र आपला कान थोडा बंद करतं आणि पुढच्या ठोक्यापर्यंत हळूहळू उघडत नेतं. म्हणजे ठोक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितका कान तिखट. ज्यांचं हृदय मुळातच मंद आहे, जे पेसिंगवर, म्हणजे यंत्रानं चालवलेल्या ठोक्यांवर, अवलंबून आहेत, त्यांच्यात म्हणूनच हे जास्त घडतं. श्वासपटलाची खरखर ऐकून यंत्राला वाटतं, हृदय चाललंय की! ते पेसिंग थांबवतं. ठोका पडत नाही. अंतर वाढतं, कान आणखी तिखट होतो, खरखर आणखी स्पष्ट येते. माणसाला चक्कर येते, कधी शुद्धही हरपते. माझ्या मते शॉकइतकीच ही थांबलेली पेसिंगही भीतीदायक आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कधी यंत्र त्या खरखरीलाच फिब्रिलेशन समजून शॉकची तयारी करतं. शॉकपूर्वी त्याला चार्ज व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात खोकला थांबला, श्वास सुटला, तर यंत्र पुन्हा पडताळून शॉक रद्द करू शकतं. पेशंटला पत्ताही लागत नाही, घटना फक्त नोंदीत राहते. नाही थांबला, तर पूर्ण शुद्धीवर असताना छातीत लाथ बसावी तसा दणका.

अनावश्यक शॉकमागे दरवेळी स्नायूच असतात असं मात्र नाही. मॅडिट-२ या अभ्यासात आयसीडी लावलेल्या ११.५ टक्के लोकांना असे शॉक बसले होते. त्यांतले बहुतेक हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या जलद ठोक्यांमुळे होते.

(दृश्य: लीडचं आवरण, जवळून.)

छातीच्या स्नायूंची गोष्ट वेगळी. हृदयाच्या आत बसलेल्या लीडपर्यंत त्यांचा आवाज सहसा पोचत नाही. तळहात एकमेकांवर दाबायला लावल्यावर तिथे खरखर दिसली, तर डबीशी घासून आवरण फाटलंय का, असा संशय घ्यायचा. तिथे नुसती सेटिंग बदलून भागत नाही.

त्वचेखालच्या एस-आयसीडीत लीड हृदयात जातच नाही, छातीच्या मधल्या हाडालगत असते. आसपास स्नायूच स्नायू. म्हणून ती बसवण्याआधी पेशंटला झोपवून आणि उभं करून ईसीजी तपासतात. २०२० च्या प्रेटोरियन चाचणीत चार वर्षांत अनावश्यक शॉकचं प्रमाण एस-आयसीडीत ९.७ टक्के होतं, तर शिरेतल्या आयसीडीत ७.३. हा फरक मात्र ठाम निष्कर्ष काढण्याइतका मोठा नव्हता.

(दृश्य: प्रोग्रामरवर आकडे बदलणारा हात.)

उपाय पुष्कळदा इथेच होतो. ०.३ चे ०.४५ किंवा ०.६ करायचे, शक्य असेल तर ऐकण्याची जोडी बदलायची, टोक-कॉइलऐवजी टोक-रिंग. पण कान बोथट केला की खरं फिब्रिलेशन ऐकू येईल ना, हेही बघावं लागतं. त्यासाठी कधी पेशंटला गुंगी देऊन ते मुद्दाम घडवून आणतात. एवढ्यानंही भागलं नाही, तर लीडची जागा बदलायची किंवा नवी लीड घालायची.

घरी एकच शॉक बसला आणि बरं वाटत असेल, तर लगेच क्लिनिकला कळवा. लागोपाठ बसले, किंवा चक्कर, धाप, छातीत दुखणं असेल, तर थेट इमर्जन्सी गाठा. यंत्राच्या नोंदीत शॉकची वेळ सापडते, पण तेव्हा तुम्ही काय करत होतात ते नाही. खोकत होतात, वजन उचलत होतात की संडासात जोर लावत होतात, ते न लाजता सांगा.