सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर दोऱ्याने मोजा, वेळ वाऱ्याला विचारा

समोर पृथ्वीगोल आहे. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर बोटाने दाबून धरलंय, दुसरं न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर. आता दोरा ताणूया. बघा, तो पॅसिफिककडे गेला नाही, अटलांटिककडेही नाही. थेट उत्तरेला चढला आणि ध्रुवाला जवळजवळ चाटून पलीकडे उतरला.

सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना. मग सर्वांत जवळची वाट ध्रुवाजवळूनच जाणार! अंतर काढायला कागद-पेन्सिल पुरे. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत साधारण ८९ अंश, तिथून न्यूयॉर्कपर्यंत ४९. एकूण १३८. एका अंशाला १११ किलोमीटर धरा. सव्वापंधरा हजारांच्या वर आकडा जातो. काटेकोर हिशेब सांगतो, सुमारे १५,३४० किलोमीटर.

एवढ्या मोठ्या विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला तर सतरा तास. वेळापत्रकात मात्र साडेअठरा तासांहून जास्त वेळ दिसतो.

कारण ते ९०० किलोमीटर जमिनीवरून मोजलेले नसतात, भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतात. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरची हवा स्वतःच पळत असते. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा अरुंद, जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. समोरून वारा आला तर तास वाढतात, पाठीशी आला तर वाचतात.

म्हणून या मार्गावर एक विलक्षण गोष्ट घडते, आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. न्यूयॉर्कला जाणारं विमान बऱ्याचदा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जातं. परत येणारं विमान अटलांटिक ओलांडतं, म्हणजे तेही पूर्वेकडेच! किलोमीटर वाढतात, पण वारा दोन्ही वेळा पाठीशी राहतो. जाऊन-येऊन प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते.

वाऱ्याइतकंच राजकारणही वाट वळवतं. ताणलेला दोरा सायबेरियावरून जातो, आणि २०२२ पासून अनेक विमान कंपन्या रशियाचं आकाश टाळतात.

सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्क परिसरासाठी विनाथांबा सेवा २००४ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान उतरायचं शेजारच्या न्यूअर्कला. चार इंजिनांच्या त्या एअरबस ए-३४० ला इंधन फार लागायचं; २०१३ मध्ये सेवा थांबली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, दोन इंजिनांच्या ए-३५० च्या खास लांब पल्ल्याच्या विमानावर. इंधनक्षमता १,६५,००० लिटर, आसनं फक्त १६१. इकॉनॉमी वर्ग नाहीच. माणसं कमी घ्यायची आणि तेवढं इंधन वाहायचं, हा या अंतराचा रोखठोक सौदा आहे.

आणि घड्याळ? उन्हाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या बारा तास पुढे असतं. शुक्रवारी रात्री साडेदहाला न्यूयॉर्कहून निघालात, तर उतरताना सिंगापुरात रविवारची पहाट झालेली असते. अख्खा शनिवार आकाशात सरलेला असतो.