कासेत्तो

नमस्कार, श्रोतेहो.

आज चाळिशीच्या आसपास असलेल्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीतलं एक दृश्य नक्की आठवत असेल. टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम, त्यात खोचलेली पिवळी कॅसेट, आणि पडद्यावर नुसत्या रेघा आल्या की कॅसेट उपसून तिच्यात मारलेली जोरदार फुंकर. तिला कॅसेट का म्हणायचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मला ते कळलं फार उशिरा, जपानहून मूळ यंत्र मागवलं तेव्हा. जपानी मुलंही तिला 'कासेत्तो'च म्हणत.

ते यंत्र म्हणजे 'फॅमिली कॉम्प्युटर', लाडाचं नाव 'फॅमिकॉम'. क्योतोच्या निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ते बाजारात आणलं, किंमत १४,८०० येन. अभियंते मासायुकी उएमुरा यांनी ते घडवलं. खेळाची कॅसेट गाण्याच्या कॅसेटएवढी असावी असा मूळ बेत होता, प्रत्यक्षात ती जवळपास दुप्पट झाली. आपल्या गल्लीत आलेली बहुतेक यंत्रं याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. म्हणून ६० पिनांची अस्सल जपानी कॅसेट त्यांच्यात सरळ बसते. त्याच खेळाची अमेरिकी कॅसेट मात्र ७२ पिनांची, ती बसत नाही. म्हणजे नकळत आपण जपानी मुलांच्याच बाजूला होतो.

यंत्र घरी आलं त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची. मी उत्साहात तिथला अडॅप्टर थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला. आधी गुणगुण, मग जळका वास, आणि अडॅप्टर गेला. यंत्राला वायर लावायची राहिली होती म्हणून यंत्र वाचलं. त्याला १० व्होल्ट डीसी लागतात, तेही आतली पिन ऋण आणि बाहेरची धन अशा उलट्या जोडणीनं. हे तपासल्याशिवाय बटणाला हात लावू नये.

वीज जमली, पण टीव्हीवर चित्र येईना. याचं कारण रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल. फॅमिकॉम आपलं चित्र जपानी टीव्हीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चॅनेलवर पाठवतं. तिथं हे चॅनेल ९० ते १०२ मेगाहर्ट्झमध्ये होते. आपल्याकडे त्या जागी टीव्ही नाही, एफएम रेडिओ आहे! आत्ता मला एफएमवर ऐकत असाल, तर मारिओही तुमच्याच शेजारच्या पट्ट्यात धावतोय असं समजा. शेवटी एका ओळखीच्या कारागिराकडून पिवळ्या वायरीचं एव्ही आउटपुट काढून घेतलं.

आणि मग मारिओचं संगीत वाजलं. ते भरभर वाजत होतं. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. जपानी टीव्ही सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र रंगवतो, आपला जुना पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. खेळाचा ताल त्या चित्रांवर चालतो. माझ्या लहानपणीच्या यंत्रावर मारिओ धीम्या लयीत धावत होता, आणि तीच लय माझ्या कानात घर करून बसली होती. १९८५ सालचं ते संगीत मी पहिल्यांदा त्याच्या खऱ्या लयीत ऐकलं, चाळिशीत. त्या रात्री मी खेळलो कमी आणि ऐकलंच जास्त.

दुसऱ्या रिमोटवर छोटा माइकसुद्धा आहे. 'झेल्डा' या खेळाच्या जपानी आवृत्तीत लांब कानांचे राक्षस त्या माइकमध्ये ओरडलं की मरतात. मी ओरडलो. शेजारच्या काकू विचारायला आल्या.

जुन्या कॅसेट तोक्योत आकिहाबारा किंवा नाकानोच्या दुकानांत मिळतात. डबा आणि माहितीपुस्तिका शाबूत असलेल्या महाग, नुसत्या कॅसेट स्वस्त. मी नुसत्याच घेतो, कारण मला त्या खेळायच्या असतात. आल्या की पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसतो. फुंकर बंद, श्वासातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. रंग तर पाहात राहावेत असे, कारण तिकडे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या रंगांच्या कॅसेट काढल्या. आणि पुष्कळांच्या पाठीवर मार्करनं मुलाचं नाव लिहिलेलं असतं, मित्राला खेळायला दिली तर परत यावी म्हणून. संग्राहक अशी कॅसेट खराब समजतात, किंमत पाडतात. मला ते मुळीच पटत नाही. मी मुद्दाम नाव लिहिलेलीच शोधतो.

माझ्याकडे 'ड्रॅगन क्वेस्ट ३'ची अशी एक कॅसेट आहे, १९८८ सालची. आधीच्या दोन भागांत खेळ पुढे चालू ठेवायला लांबलचक परवलीची अक्षरं वहीत उतरवून ठेवावी लागत. या भागात आत एक बटणसेल बसवला आणि खेळ कॅसेटमध्येच साठू लागला. साठवायला तीन जागा, जपानीत त्यांना 'साहसाची वही' म्हणतात. सेल संपला की वह्या कोऱ्या. इतक्या वर्षांनी बहुतेक कोऱ्याच निघतात.

माझी लावली, तर पहिली वही भरलेली होती. खेळणाऱ्यानं नायकाला दिलेलं नाव तीन अक्षरी. कॅसेट उलटी करून पाहिली. पाठीवर काळ्या मार्करनं, मुलाच्या तिरक्या हातानं, तेच नाव.

सेल बदलायला हवा हे मला माहीत आहे. विजेचा दुसरा पुरवठा जोडून ठेवून तो बदलता येतो, पण हात हलला तर सगळं पुसलं जाईल, आणि माझा हात अजून धजत नाही. रविवारी दुपारी मी ती कॅसेट लावतो आणि तिसऱ्या वहीत माझा खेळ खेळतो. पहिली तशीच आहे.

नमस्कार.