अवघडलेले शरीर

(दृश्य: दातांचा दवाखाना. प्रखर दिव्याखाली रुग्णावर वाकलेली दंतवैद्य.)

रुग्णाच्या वरच्या शेवटच्या दाढेपर्यंत नजर पोहोचावी म्हणून दंतवैद्य वाकली आहे. तिची मान पुढे झुकलेली आणि थोडी उजवीकडे वळलेली आहे, कोपर अंगापासून दूर उचललेले आहे आणि बोटांची हालचाल मात्र जेमतेम काही मिलिमीटरची आहे. पाहणाऱ्याला वाटते की येथे फक्त बोटे राबत आहेत. प्रत्यक्षात अधिक कष्ट होत आहेत ते मुळीच न हलणाऱ्या मानेला आणि खांद्याला.

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान ताठ असताना त्यातील बहुतेक भार मणके पेलतात, पण डोके पुढे झुकले की ते खाली पडू नये म्हणून मानेमागच्या स्नायूंना सतत ओढ धरून ठेवावी लागते. चालताना किंवा हात हलवताना स्नायू आळीपाळीने आकसतो आणि सैलावतो, आणि त्या उघडमिटीतच त्याच्यातून रक्त खेळते राहते. तोच स्नायू पंधरावीस मिनिटे आकसलेलाच राहिला, तर त्याच्यामधल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा कमी पडतो आणि स्नायूच्या कामातून तयार होणारी द्रव्ये तेथेच साचू लागतात. आधी जडपणा येतो, मग ठणका लागतो. ‘मान अवघडली’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके हेच घडलेले असते, आणि अवघड हा शब्द आपण कठीण या अर्थानेही वापरतो, हे येथे फारच चपखल बसते.

(दृश्य: जुन्या हिशेबवहीची पाने. लेखणी धरलेला हात.)

हे दुखणे संगणकाने आणलेले नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरील आपला ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध केला आणि 1713 च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकांची दुखणी नोंदवली. त्यांनी तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. लेखणीच्या जागी कळफलक ठेवला, तर या यादीत आजही फारसे काही बदलावे लागणार नाही.

पाठीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडातून पाझरणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते. दिवसभराच्या भाराने तिच्यातील पाणी थोडे पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एकदोन सेंटिमीटरने जास्त भरते, ती बहुतांशी यामुळेच.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसाच्या कंबरेच्या चकतीत सुई घालून तिच्यातील दाब मोजला. उभे असतानाचा दाब 100 धरला, तर आधाराशिवाय बसताना तो सुमारे 140 आणि बसून पुढे वाकल्यावर सुमारे 185 होतो, हे आकडे पुढे पाठीच्या प्रत्येक तक्त्यावर झळकले आणि बसणे म्हणजे पाठीचे विष असा समज रूढ झाला. मात्र 1999 साली जर्मनीतील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून सुमारे दिवसभर नोंदी घेतल्या, तेव्हा आरामात सैल बसलेल्या माणसाचा दाब उभ्या माणसापेक्षा किंचित कमीच भरला. त्याच माणसाने पाठ वाकवून 20 किलोचे ओझे उचलले, तेव्हा मात्र दाब उभे असतानाच्या चौपटीहून अधिक झाला. लहानपणापासून कानावर पडणारे ‘पोक काढून बसू नकोस’ हे वाक्य त्यामुळे खोटे ठरत नाही, पण अपुरे नक्कीच ठरते. पोक काढून बसणाऱ्या अनेकांची पाठ कधी दुखत नाही आणि ताठ बसूनही कंबर धरलेले लोक असतात. आपण बारकाईने पाहायला हवा तो भार किती, तो अंगापासून किती दूर आणि ती स्थिती किती वेळ टिकते, याचा हिशेब.

(दृश्य: खोके उचलणारा कामगार, बाजूने.)

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने ओझे उचलण्यासाठी जे सूत्र तयार केले, ते अगदी अनुकूल परिस्थितीतही 23 किलोच्या वर जात नाही. ओझ्यावरची पकड घोट्यांपासून पुढे 25 सेंटिमीटरच्या आत असेल तरच ही मर्यादा लागू होते. तेच अंतर 50 सेंटिमीटर झाले की मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोवर येते. त्यात वाकणे, वळणे आणि वारंवार उचलणे आले की ती आणखी घटते. रुंद खोके कामगाराला पोटाशी धरताच येत नसेल, तर त्याला नीट उचलायला शिकवून फारसे साधत नाही. खोक्याचा आकारच बदलायला हवा.

(दृश्य: शेतात उकिडवे बसून तोडणी करणारी माणसे.)

कधी इजा स्नायूंना न होता नसेला, म्हणजे मज्जातंतूला होते. पायाचा पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंची नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाशी कातडीच्या लगेच खाली असते. तासन्‌तास उकिडवे बसून काम केल्यावर ती दाबली जाते, पाऊल बधिर होते आणि काही वेळा पंजा उचललाच जात नाही, म्हणून चालताना अंगठा जमिनीला अडखळतो. बहुतेकांचा पाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, पण त्याच बैठकीत काम चालू ठेवणाऱ्याला तशी खात्री देता येत नाही. पायाला मुंग्या येताच उठून उभे राहणे हा साधा उपाय आहे. मोबदला तोडलेल्या मालावर मिळत असेल, तर तोच उपाय महाग पडतो.

स्थिर बसण्याचा याहून गंभीर परिणामही नोंदलेला आहे. 1940 साली लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक आश्रयस्थानांत रात्रभर डेक चेअरवर बसून झोपत. खुर्चीच्या पुढच्या दांडीने मांडीमागच्या शिरा दाबल्या जाऊन पायात रक्ताची गुठळी होत असे, आणि ती फुप्फुसात जाऊन झालेले अचानक मृत्यू न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांनी त्याच वर्षी नोंदवले.

(दृश्य: पुन्हा दातांचा दवाखाना.)

दंतवैद्याने आता रुग्णाची खुर्ची आणखी मागे रेलवली आहे आणि डोक्याचा टेकू थोडा वळवून घेतला आहे. दाढ थेट पाहण्याऐवजी ती छोट्या आरशात तिचे प्रतिबिंब पाहते आहे. उलट्या प्रतिमेवर हात बसायला तिला काही महिने लागले, आणि सुरुवातीला कामही सावकाश होत असे. पण मान आता सरळ आहे आणि कोपर अंगाशी टेकलेले आहे. मिश्रण घट्ट होईपर्यंतच्या वेळात ती उठून उभी राहते, खांदे दोनदा मागे फिरवते आणि पुढच्या दाढेसाठी आरसा पुसून घेते.