कानातला ठोका आणि मनगटावरची नाडी

सुरुवातीला एक प्रयोग करूया, बसल्या जागीच. दोन्ही अंगठे कानांत घट्ट बसवा आणि बाकीच्या बोटांच्या मुठी आवळा. जरा जोर लावा. खोलवरून घरघर ऐकू येतेय ना? आता अंगठे तसेच ठेवून मुठी सैल सोडा. घरघर उतरली. तो तुमच्या हाताच्या स्नायूंचा आवाज होता. आवळलेला स्नायू सतत बारीक थरथरत असतो आणि ती थरथर हाडांमधून कानापर्यंत पोचते. विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१० साली या आवाजाबद्दल लिहिलं होतं. दूरच्या फरसबंद रस्त्यावरून घोडागाड्या भरधाव जाव्यात तसा तो वाटतो, असं त्याचं वर्णन. मला ते अजूनही चपखल वाटतं.

हे सगळं करायला लावलं कारण आपलं शरीर आतून कधीच गप्प नसतं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. या लोकांना कानाचा काहीही त्रास नव्हता. तरी त्यांच्यापैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. हृदय धडधडतं, रक्त वाहतं, जबडा हलतो, आणि हे सगळं ज्या कवटीत घडतं तिच्यातच कान बसवलेला आहे. तेव्हा कानात आवाज आला कुठून, यापेक्षा आजवर दबून राहिलेला आवाज आत्ताच का वर आला, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

माझं काम श्रवण तपासण्याचं. लोक येतात आणि म्हणतात, ‘कान वाजतात.’ आता यात शिट्टीही येते, रातकिड्यांची किरकिरही येते आणि धपधप ठोकेही येतात. पहिल्या दोन आवाजांना आपण सर्रास टिनिटस म्हणतो. ठोक्यांचं प्रकरण त्याहून पुष्कळ वेगळं आहे, पण कागदावर सगळ्यांची नोंद एकच होते: कानात आवाज. मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला जातो, तो नॉर्मल येतो आणि माणसाला सांगितलं जातं, ‘काही नाही, सवय करून घ्या.’ माझं स्पष्ट मत आहे की ठोक्यांच्या बाबतीत हा सल्ला फार लवकर दिला जातो. सवय करायची वेळ येते, नाही असं नाही. पण ती शेवटी.

मी काय करते ते सांगते. समोरच्याला म्हणते, आवाजाचं वर्णन करू नका, तो टेबलावर वाजवून दाखवा. डोळे मिटा, जसा ऐकू येतोय तसाच एका बोटाने वाजवा. बोट टेबलावर पडायला लागलं की त्यांचा दुसरा हात मी हातात घेते आणि नाडी बघते. टक, टक, टक. अर्ध्या मिनिटात कळतं की बोट आणि नाडी एका तालात आहेत की नाहीत. शंका राहिली तर त्यांना दोन मजले चढून यायला सांगते. नाडीबरोबर बोटाचा वेगही वाढला की शंका उरत नाही. या तपासणीला यंत्र लागत नाही, घरी कुणीही करू शकतं, आणि पुढचा सगळा रस्ता इथे दोन दिशांना फुटतो.

आधी नाडीच्या तालातल्या ठोक्यांकडे वळू. याला पल्सेटाइल टिनिटस म्हणतात. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी कानाभोवतीच्या हाडातून जाते, ती अंतर्कर्णाच्या अगदी शेजारून. मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीरसुद्धा कानाच्या मागून आणि मध्यकर्णाच्या खालून वळते. रक्त संथ वाहत असेल तर आवाज होत नाही. प्रवाह वाढला, वाट अरुंद झाली किंवा मधलं हाड पातळ झालं, की खळखळ सुरू होते. प्रवाह वाढण्याची कारणं कित्येकदा साधी असतात: रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, गरोदरपण. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या आधी कराव्यात असं म्हणतात ते यासाठीच. कधी तर रक्तप्रवाहात काहीच बदल झालेला नसतो. कानात मळ साचलेला असतो किंवा पडद्यामागे पाणी झालेलं असतं. बाहेरचे आवाज दबतात आणि आतले मोठे वाटू लागतात.

काही कारणं मात्र शोधलीच पाहिजेत. डोक्याच्या आतला दाब वाढलेला असेल तर असे ठोके ऐकू येतात. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये हे अधिक दिसतं. सोबत डोकेदुखी असते, वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी कानाच्या तक्रारीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर नवल वाटून घेऊ नका. दाब वाढल्याच्या खुणा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतात आणि दुर्लक्ष झालं तर दृष्टीच जाऊ शकते. क्वचित मेंदूच्या आवरणातली धमनी आणि शीर यांच्यात नको ती थेट जोडणी झालेली असते. तिच्यातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून नाडीच्या तालातला आवाज एकाच कानात आणि कायम येत असेल, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन रक्तवाहिन्या दिसतील अशा पद्धतीने काढावा लागतो. नुसता मेंदूचा साधा एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून फाइल बंद करणं बरोबर नाही.

डॉक्टर मानेवर आणि कानामागे स्टेथोस्कोप लावून ऐकतात. काही वेळा तो आवाज त्यांनाही ऐकू येतो. त्या क्षणी रुग्णाच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते तिचं वर्णन करणं अवघड आहे. इतके दिवस घरात जे ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून गणलं गेलं, ते दुसऱ्या माणसाने ऐकलेलं असतं! मानेच्या बाजूला हलकासा दाब देऊन आवाज थांबतो का तेही डॉक्टर बघतात. थांबला तर उगम शिरेत असावा असा अंदाज येतो. हा प्रयोग घरी आरशासमोर करू नका. शिरेच्या शेजारीच धमनी आहे आणि ती दाबली गेली तर भोवळ येऊ शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं.

दुसरी दिशा म्हणजे नाडीशी न जुळणारे ठोके. मध्यकर्णात दोन चिमुकले स्नायू आहेत. एक हातोडी या हाडाला आणि दुसरा रिकीब या हाडाला जोडलेला. रिकिबीचा स्नायू शरीरातल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंपैकी सगळ्यात लहान, जेमतेम ६ मिलिमीटरचा. मोठा आवाज झाला, आपण दचकलो, चावलो, बोललो की हे स्नायू आकसतात आणि कानावरचा भार थोडा कमी करतात. पापणी जशी कधी कधी उगीच फडफडते तसे तेही अधूनमधून फडफडतात. फरक एवढाच की पापणीची फडफड कुणाला ऐकू जात नाही आणि हे स्नायू तर थेट पडद्याला ओढ देतात. म्हणून धपधप, फडफड, मध्येच थांबणं, पुन्हा चार ठोके. जागरण झालेलं असतं, मनावर ताण असतो, भांडं पडल्याचा आवाज होतो आणि सुरू होतं. बहुतेक वेळा ते आलं तसं जातंही. टाळूचे स्नायू असेच लयीत आकसत असतील तर टिकटिक ऐकू येते. तोंड उघडून बघितलं की टाळू हलताना दिसतो, आणि ती टिकटिक शेजारी बसलेल्यालाही ऐकू येऊ शकते. अशा टाळूच्या हालचालीचं मूळ कधी मेंदूत असतं, म्हणून तिथे मेंदूविकारतज्ज्ञांचं मत घ्यावं.

आणि हो, केस. केस कापून आल्यावर एखादा तुकडा कानात जातो आणि पडद्याला टेकून बसतो. जबडा हलला की ठप्प, मान वळवली की ठप्प. डॉक्टर कानात बघतात, चिमट्याने केस काढतात आणि विषय संपतो. म्हणून कुठल्याही स्कॅनच्या आधी कानात नीट डोकावून बघणं महत्त्वाचं.

आणखी एका प्रकारात माणूस चालताना आपल्याच पावलांचे धक्के कानात ऐकतो. काहींना तर डोळे फिरवले की बुबुळांची हालचाल ऐकू येते. हे सांगितलं तर लोक आपल्याला वेडं ठरवतील, या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. पण याला नाव आहे: सुपिरियर कॅनाल डिहिसन्स. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला भोक असतं, आणि कानाचे शल्यविशारद लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली त्याचं वर्णन केलं आहे. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं.

थांबायचं कधी नाही, ते पटकन सांगते. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तिथे उपचाराला उशीर परवडत नाही. ठोक्यांबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती गेली किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकदम सुरू झाली, तर सरळ रुग्णालय गाठा. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाजही अंगावर काढू नका.

आता सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही आणि ठोके तर चालूच आहेत, अशांविषयी. असे लोक खरोखर असतात आणि कमी नसतात. कारण सापडलं नाही याचा अर्थ तुम्हाला भास होतोय असा नाही. अर्थ एवढाच की घाबरण्यासारखी कारणं तपासून बाजूला ठेवली आहेत. हे मनात पक्कं बसलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टिनिटसचे अभ्यासक पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये एक विचार मांडला. कानातला आवाज मुळात क्षीण असतो, पण मेंदूने त्याला एकदा धोका मानलं की लक्ष त्याच्यावर पहारा ठेवतं आणि तो मोठा वाटत राहतो. नाडीच्या ठोक्यांत याला आणखी एक पीळ आहे. ठोका ऐकला की भीती वाटते, भीतीने हृदय जोरात धडधडतं, आणि जोरात धडधडल्यामुळे ठोका खरोखरच मोठा होतो. शिट्टीच्या आवाजात ही भर पडत नाही. म्हणून ठोकेवाल्यांसाठी श्वास हे औषधच आहे: सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, पाच-सात मिनिटं. नाडी खाली येते आणि ठोक्याचा जोरही उतरतो.

रात्र सगळ्यात वाईट. बाहेर सामसूम असते आणि उशीत दाबलेला कान बाहेरचं बंद करून आतलं मोठं करतो. तो कान वर राहील असं झोपा, डोकं थोडं उंच ठेवा. खोलीत एखादा मंद आवाज असू द्या: पंखा, पावसाचं किंवा लाटांचं रेकॉर्डिंग. तो ठोक्यांपेक्षा किंचित खालीच ठेवा. ठोके पुरते बुडवायचा अट्टहास केला तर कान त्यांनाच शोधत राहतो. आणि सकाळी जाग आल्याबरोबर ‘आहे का अजून?’ म्हणून कान लावून बघायची सवय सोडा. ती सुटायला वेळ लागतो, पण फरक सगळ्यात जास्त तिथेच पडतो असा माझा अनुभव आहे.

गोळ्यांचा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये टिनिटसबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेशी निगडित संप्रेरक) यांची शिफारस करू नये असं त्यांत लिहिलं आहे. शिफारस आहे ती कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राची. कोमट तेल कानात घालून या ठोक्यांना काही होत नाही, आवाज त्या वाटेवर नसतोच. चहा-कॉफी सगळ्यांनी सोडावी असं मी सांगत नाही. त्रासाची नोंद ठेवा आणि तिच्यात संबंध दिसला तर कमी करा. शस्त्रक्रियाही आहेत: शिरेत स्टेंट घालणं, पातळ हाडाची दुरुस्ती, मध्यकर्णातल्या स्नायूचा कंडरा कापणं. पण कारण सिद्ध झालेलं असेल आणि त्रास असह्य असेल तरच.

मघाशी श्रोत्यांमधल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘कापसाचे बोळे घालून झोपले तर चालेल का?’ ताई, उलट होईल. सुरुवातीचा अंगठ्यांचा प्रयोग आठवा. कान बंद केला की आतलं वाढतं. स्नायूंच्या फडफडीचा त्रास असणाऱ्यांनी तर दिवसाही साध्या आवाजांपासून कान झाकून घेऊ नयेत. त्याने कान आणखी हळवा होतो.

दुसरी चिठ्ठी एका गृहस्थांची. पत्नीला हा त्रास आहे, घरच्यांनी काय करावं? आधी एक करा, काका. रोज विचारपूस करता ती बंद करा. ‘आज कसा आहे आवाज?’ असं प्रेमाने विचारलं तरी त्यांना तो ऐकूनच उत्तर द्यावं लागतं. त्याऐवजी आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी दोघं बसून वहीत लिहा: कुठला कान, नाडीशी जुळतो का, कुठल्या अंगावर झोपल्यावर वाढतो, आदल्या रात्री झोप किती झाली. ती वही पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा. बाकीचे सहा दिवस तो विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या, तुम्ही काढू नका.